देणारणीचा हात

लोहगडवाडीच्या झुंबरबाईकडे लांबलांबच्या बाया मुळी मागायला येत, पण मुळीचं नाव कोणी घेत नसे. खरं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गायमुख खिंडीच्या अलीकडे करवंदीच्या जाळ्यांतून वर चढलेली, बडीशेपेसारख्या बारीक पानांची, काटेरी शतावरी वाडीतल्या शेळ्यांनासुद्धा ओळखीची होती. तरी झुंबरबाईच्या दारात तो शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक होता. घेणारणीनं विचारायचं नाही, देणारणीनं सांगायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला.

त्यामुळे बाई यायची, उंबऱ्याबाहेर टेकायची, पदरानं वारा घ्यायची आणि म्हणायची, "मावशी, ते द्या की."

"कुनाला?"

"मलाच."

पंचेचाळिशी उलटलेल्या बाईची पाळी गेली की घरच्यांना ते बरंच वाटे. बाई मोकळी झाली. आता महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायला आडकाठी नाही, देवळाच्या पायरीवर कोणी हटकणार नाही. पण ही मोकळी झालेली बाई पौषाच्या थंडीत घामानं चोळी भिजवून पहाटे ओट्यावर का येऊन बसते, भरल्या घरात उगाच का रडते, हातातलं भांडं का आपटते, हे कोणी विचारत नसे. झुंबरबाई विचारायची. तिचा त्याला एक शब्द होता, झळा.

"दिवसातनं किती झळा येत्यात?"

एवढं विचारलं की बाईचा चेहरा सैल पडायचा. पुष्कळ जणींना वाटायचं, आपल्याला बाहेरची बाधा झाली आहे. ज्याला नाव आहे, जे मोजता येतं, ते बाधेतलं नव्हे, हे त्या प्रश्नातच त्यांना कळायचं.

झुंबरबाई दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारायची. "बंद झाल्यावर पुन्यांदा काई दिसलं का?"

हा प्रश्न तिला तिच्या सासूनं शिकवला नव्हता, कामशेतच्या कस्तुराबाईनं शिकवला. कस्तुराबाई तांदळाच्या व्यापाऱ्याची बायको. दोन वर्षं मोकळी होती, घरचं सोवळं-ओवळं, देवाचा नैवेद्य सगळं तिच्याकडे आलं होतं. पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तेव्हा लाजेनं तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. पुन्हा बाजूला बसायचं म्हणजे सुनेच्या हाती देव द्यायचे! झळांसाठी म्हणून तिनं मुळी नेली आणि तीवर विसंबून राहिली. सहा महिन्यांनी घरच्यांनी तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं, तोवर पिशवीतला रोग वाढून उशीर झाला होता. तेव्हापासून कोणी "व्हय, दिसलं" म्हटलं की झुंबरबाई पुडी मागे घ्यायची. "हे माझ्या मुळीचं काम न्हाई. दवाखान्यात जा. आजच जा, उद्या न्हाई." एकदोघी रागावून गेल्या. एक परत येऊन पाया पडली.

दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत ती मुळ्या खणायची. एका झुडपाखाली बोटांसारख्या लांबट मुळ्यांचा घोसच्या घोस असतो. त्यातल्या निम्म्या काढायच्या, निम्म्या ठेवायच्या आणि माती पायानं नव्हे, हातानं लोटायची. ओली असतानाच साल सोलायची, मधला चिवट दोरा नखानं ओढून काढायचा, मग सावलीत वाळवायची. कुटून दुधात उकळायची. ह्या कामानं झुंबरबाईची नखं कायमची पिवळट झाली होती.

हे सगळं तिला १९१७ साली मिळालं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, पोर पोटात होतं. नवरा गेणू मुंबईच्या गोदीत लागला होता आणि त्यानं निरोप धाडला होता, खोली बघितली आहे, दिवाळीनंतर ये. लुगडी बांधून झाली होती. त्याच आठवड्यात सासू धोंडाबाईनं तिला डोंगरावर नेलं, झुडपापाशी उभं केलं आणि कानात नाव सांगितलं. नाव ऐकून झुंबरला हसू आलं होतं, कारण ते तिला माहेरपासून ठाऊक होतं. पण कानात सांगितलेलं नाव वेगळं. त्याच्याबरोबर तीन गोष्टी आल्या. ज्या दिवशी नाव दुसरीला दिलं त्या दिवसापासून पहिलीचा हात संपला, तिनं पुन्हा कोणाला मुळी द्यायची नाही. देणारणीच्या हाताचं औषध तिला स्वतःला लागू पडत नाही. आणि तिसरी, देणारणीनं डोंगर सोडू नये.

झुंबरनं लुगड्याचं गाठोडं सोडलं. वाडीत तिचा मान वाढला. गेणू मुंबईत एकटाच राहिला आणि पुढच्या वर्षी मानमोडी तापाच्या साथीत गेला. त्यानं मुलगा पाहिला तो एकदाच, शिमग्याला आला होता तेव्हा.

झुंबरबाईनं याचं कधी रडगाणं गायलं नाही. सासूनं एवढ्या सगळ्या सुनाबाळींतून आपल्याला निवडलं, हे तिला पुरलं. चोवीस वर्षं पुरलं.

मग तिला स्वतःला झळा सुरू झाल्या.

पहिली आली ती भाताच्या खाचरात, लावणी करताना. गुडघ्यापर्यंत गार चिखल आणि छातीपासून कानापर्यंत कोणी निखाऱ्यांची पाटी उपडी केल्यासारखं. बरोबरच्या बायांना वाटलं, मावशीला कशानं तरी राग आला. नंतर राग खरोखरच यायला लागला. झोप तुटली. सून शालू घरात होती, तेव्हा तो राग तिच्यावरच निघे.

शालू बावीस वर्षांची, कामशेतची. बाजारपेठेत वाढलेली, तोंडानं फटकळ, कामाला चपळ. तिचा नवरा, म्हणजे झुंबरबाईचा दत्तोबा, लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये इंजिनं पुसणारा खलाशी होता. रेल्वेच्या चाळीत त्याला नुकतीच एक खोली मिळाली होती. शालूला तिथं जायचं होतं, आणि झुंबरबाई तो विषय निघाला की उठून शेळ्या सोडायला जायची.

कार्तिकात झुंबरबाईनं दंडक मोडून पाहिला. शालू पाण्याला गेली की स्वतःच मुळी उकळून घ्यायची. आठ दिवस घेतली. काही फरक पडला नाही. दुसऱ्यांना चाळीस दिवस धीर धरायला सांगणाऱ्या बाईनं स्वतःला आठच दिवस दिले आणि सासूचं बोलणं खरं ठरलं म्हणून मोकळी झाली.

त्याच थंडीत लोणावळ्याच्या रतनबाईंनी तिला निरोप धाडला. रतनबाई म्हणजे एका मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या पारशीण. उन्हाळ्यात झुंबरबाई त्यांच्याकडे करवंदं आणि मध घेऊन जायची. मुंबईचा डॉक्टर त्यांना ह्याच झळांसाठी दर पंधरवड्याला सुई टोचायचा, आणि सुईतलं औषध जर्मनीहून यायचं. लढाई लागली तशी आवक थांबली. ठेवणीतलं होतं ते एक्केचाळीसच्या पावसाळ्यात संपलं.

"झुंबर, ते तुझं मुळीचं औषध मला दे," त्या व्हरांड्यातल्या आरामखुर्चीवरून म्हणाल्या.

"बाई, तुमी तर म्हनायच्या, ही चुलीत घालायची लाकडं हायेत."

"म्हणत होते. तेव्हा माझ्याकडे सुई होती."

झुंबरबाईनं दोन्ही प्रश्न विचारले, पुड्या काढल्या. "चाळीस दिस घ्या. सुईवानी दुसऱ्या दिवशी गुन यायचा न्हाई. आन् न्हाईच आला तर तसं सांगा, मी रागावनार न्हाई. सगळ्यांनाच येतो असं न्हाई."

"नाव काय ह्याचं?"

"नाव इचारू ने."

"का? माझा डॉक्टर तर बाटलीवर एवढं मोठं नाव दाखवायचा."

"म्हनून तर संपली," झुंबरबाई म्हणाली.

रतनबाई इतक्या हसल्या की त्यांनाच घाम फुटला आणि त्यांनी पंखा उचलला. मग त्यांचं लक्ष गेलं. समोर उभी असलेली झुंबरबाई, बाहेर धुकं असताना, कानामागून ओघळणारा घाम पदरानं टिपत होती.

"तुला पण?"

झुंबरबाईनं मान हलवली.

"मग तू घेत का नाही?"

"आपल्या हातानं आपल्याला लागू पडत न्हाई."

"कोण बोलला?"

"सासू."

"कुठे आहे ती?"

"मेली की. बारा वर्सं झाली."

"मग आता बघणार कोण? गुपचूप घे."

"हाताला ठावं असतं ना, बाई."

रतनबाईंनी पंखा खाली ठेवला. "आमचा डॉक्टरही स्वतःला सुई टोचत नाही हं. दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तुझ्याकडे दुसरा डॉक्टर नाही काय?"

झुंबरबाई मळवलीपर्यंत गाडीनं आणि पुढं भाजे गावावरून चढत घरी आली, तोवर ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. दुसरी होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पण नाव द्यायचं म्हणजे हात द्यायचा. उद्यापासून उंबऱ्याशी येणारी बाई आपल्याला नाही, सुनेला मावशी म्हणणार. तिनं तो विचार बाजूला सारला आणि शालूला म्हणाली, "भाकरी करपली."

"करपली न्हाई, तुमी येईस्तोर तिसऱ्यांदा शेकली," शालू म्हणाली.

चैत्रात वाडीच्या वरच्या टाक्याचं पाणी आटलं. शालू उन्हातून खालच्या झऱ्यावरून पाणी आणू लागली. एका हंड्याला तास जायचा, आणि चढ असा की मानेची शीर उडायची. एके दुपारी ती हंडा घेऊन दारात आली. झुंबरबाई मेढीला टेकून उभी होती, तोंड लाल, डोळे तारवटलेले. शालूनं हंडा टेकवला मात्र, झुंबरबाईनं तो उचलला आणि सगळाच्या सगळा आपल्या डोक्यावर ओतून घेतला.

पाणी ओट्यावरून अंगणात गेलं. कोंबड्या आल्या आणि प्यायला लागल्या.

शालू ओरडली नाही. रिकामा हंडा तिनं उपडा घातला आणि त्यावर बसली.

"आत्या, आता म्या जाती," ती म्हणाली. "शनवारी ते येतील, त्यांच्यासंगट जाती. तुमी चला, न्हाईतर ऱ्हावा. तुमच्याशी भांडन न्हाई. पर हितं तुमी बी जळताय आन् मला बी जाळताय."

झुंबरबाई निथळत उभी होती. झळ गेली होती आणि आता थंडी वाजत होती, त्यातून लाज.

रात्रभर तिनं काय विचार केला कोण जाणे. उजाडताच तिनं कुदळ घेतली. "शाले, चल वर."

"कशाला?"

"चल म्हन्ते ना."

झुडपापाशी पोचल्यावर झुंबरबाईनं शालूच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेलं. शालू झटकन मागं सरली.

"नगं."

"आगं, मान हाये हा. वाडीत दुसरीला मिळायचा न्हाई."

"मला म्हाईत हाये काय हाये ते, वाडीतल्या बाया बोलत्यात. नाव कानात घालाल आन् मंग म्हनाल, देनारनीनं डोंगर सोडू ने. व्हय का न्हाई? मंग मी हितं आन् त्यो तितं. आत्या, शनवारी मी निघनार म्हनल्यावर बरं आज तुमाला नाव द्यायचं सुचलं!"

झुंबरबाईनं कुदळ खाली टाकली. ती दगडावर बसली. समोर तुंगाचा सुळका उन्हात येत होता.

धोंडाबाईनंही असाच मुहूर्त धरला होता. लुगडी बांधून झाल्यावर. आणि आता, इतक्या वर्षांनी, झुंबरबाईला तिचं त्या दिवशीचं तोंड दिसलं. आश्विनाच्या गार सकाळी धोंडाबाईच्या गळ्यावरून घाम वाहत होता. तेव्हा चोवीस वर्षांच्या पोरीला ते चढणीनं वाटलं होतं. ती चढण नव्हती. म्हातारीला स्वतःला झळा येत होत्या. तिला दुसरीचा हात हवा होता, आणि तो हात मुंबईला निघाला होता. पुढं 'हात बसू दे' म्हणून ती रोज झुंबरच्या हातून मुळीचं दूध घेत राहिली, ते नुसतं शिकवणं नव्हतं. आपल्याला निवडलं नव्हतं. अडवलं होतं.

आणि तरी झुंबरबाईला सासूचा राग आला नाही, हेच तिला नवल वाटलं. सुनेला 'मला बरं वाटत नाही, मला दे' असं म्हणायला त्या बाईची जीभ रेटली नसेल. म्हणून तिनं डोंगराचं नाव पुढं केलं. आपली तरी जीभ कुठं रेटत होती?

"शाले," ती म्हणाली, "मला लय झळा येत्यात गं."

शालू उभीच होती.

"मला कुनी तरी दिल्याबिगर लागू पडायचं न्हाई. दुसरं कुनी न्हाई मला. म्हनून आनली तुला. मानाबिनाचं उगा बोलले."

"आन् डोंगर?"

"डोंगर मी बघते. मला तर सवयच हाये. खनायचं, सोलायचं, वाळवायचं माझ्याकडं. द्यायचं तुझ्याकडं. तू लोनावळ्यात ऱ्हा, न्हाईतर इलायतेत ऱ्हा."

"असं चालतं?"

"ठावं न्हाई. आजपत्तुर कुनी केलं न्हाई."

शालूनं पदर कमरेला खोचला, सासूशेजारी खाली बसली आणि डोकं पुढं करून कान तिच्या तोंडाशी नेला. नाव ऐकून तिलाही हसू आलं.

"हसू नगंस. मी बी हसले व्हते," झुंबरबाई म्हणाली. मग लगेच, विसरायच्या आत, तिनं तिला कस्तुराबाईची गोष्ट सांगितली आणि दुसरा प्रश्न तीनदा म्हणून घेतला.

घरी आल्यावर शालूनं मुळीची पूड घालून दूध उकळलं. झुंबरबाई नेहमीसारखी चुलीपाशी येऊन बसली, तर शालू म्हणाली, "तितं न्हाई. उंबऱ्याभाईर बसा. घेनारीन भाईर बसती."

"माझ्याच घरात?"

"तुमीच बसवताय की सगळ्यांना."

झुंबरबाई पुटपुटत बाहेर जाऊन टेकली. शालू वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि सासूचा आवाज काढून म्हणाली, "दिवसातनं किती झळा येत्यात?"

ती चेष्टाच होती. पण झुंबरबाईनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. इतक्या बायांना तिनं हे विचारलं होतं. तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. शालू वाटी धरून उभी राहिली, घाई केली नाही.

"आट," झुंबरबाई शेवटी म्हणाली. "कवा धा."

"पुन्यांदा काई दिसलं?"

"न्हाई."

"मंग घ्या. चाळीस दिस देती. एक्केचाळिसाव्या दिवशी म्या निघनार, गुन येवो न्हाईतर न येवो."

शनिवारी दत्तोबा आला आणि बायको येत नाही म्हणून तोंड पाडून एकटाच परत गेला. चाळीस दिवसांत त्या दोघी काही मायलेकी झाल्या नाहीत. दूध पातळ आहे, साखर जास्त आहे, शेळीला चारा घातला नाही, हे चालूच राहिलं. पण हंड्याला झुंबरबाईनं पुन्हा हात लावला नाही. झळ आली की ती उठून शालूला नुसतं बोटानं दाखवायची, आणि शालू सूप घेऊन वारा घालायची. दिवस मोजता मोजता झळा आठावरून चारावर आल्या. मुळीनं कमी झाल्या, सुपाच्या वाऱ्यानं झाल्या की बोलून टाकल्यानं, हे झुंबरबाईला सांगता आलं नसतं. रतनबाईंनीही तेवढंच सांगितलं होतं, "सुईसारखं नाही गं, पण रात्री झोप लागते."

एक्केचाळिसाव्या दिवशी शालू निघाली. गाठोडं मळवलीपर्यंत झुंबरबाईनंच डोक्यावर घेतलं. गाडी सुटताना ती फक्त एवढंच म्हणाली, "बाजाराच्या दिवशी मुळ्या घेऊन येते. खोली झाडून ठेव."

त्यानंतर तिच्या दारी आलेल्या बायांना तिनं परत पाठवलं. "माझा हात गेला. लोनावळ्याला जा, रेल्वेच्या चाळीत. सुनेकडं." काही गेल्या. काही कुरकुरल्या, एवढ्याशा पोरीला ह्यातलं काय कळतं म्हणाल्या. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर कोणी बसलेलं नसे, आणि ते तिला झळांपेक्षा जड गेलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती लोणावळ्याला जायची. खोलीच्या कोपऱ्यात बसून मुळ्या सोलायची. शालू सासूच्या आठवड्याच्या पुड्या आपल्या हातानं बांधून द्यायची. एकदा ती तिथं असतानाच एक बाई आली. गार्डसाहेबांची बायको, चांगली शिकलेली, तरी आवाज दबलेला. शालूनं झळा विचारल्या. बाईनं सांगितल्या. शालू पुडी बांधू लागली. झुंबरबाईचा नखानं दोरा ओढणारा हात थांबला. दुसरा प्रश्न राहिला होता. पण हात गेलेल्या बाईनं मध्ये बोलायचं नसतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि सोललेली मुळी खाली ठेवली.

शालूनं पुडीला गाठ मारली, बाईच्या हातावर ठेवण्यासाठी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"बंद झाल्यावर," तिनं हळू विचारलं, "पुन्यांदा काई दिसलं का?"

झुंबरबाईनं पुढची मुळी उचलली.